‘परफेक्ट मोमेंट’: रामबागेतल्या मागच्या खोलीच्या नोंदी

11 जून 2025

काल रात्री भाची मुंबईहून इंदूरला आमच्याकडे आली. बॅग दारातच टाकली आणि पाणी पिण्याआधी म्हणाली, “मामा, मला एक गाणं रेकॉर्ड करायचंय. इंग्रजी.” मागे उभ्या ताईने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले.

दोन वर्षं ती एका मालिकेत होती. एप्रिलमध्ये तिच्या पात्राला जिन्यावरून पाडून मारलं. तेव्हापासून हाताला काम नाही, पण चेहरा अजून लोकांच्या घरात आहे. आज सकाळी कोपऱ्यावरचा भाजीवाला तिला बघून खरोखर दचकला. “अरे दीदी, आप तो मर गई थीं!” मेलेल्या बाईला त्याने कोथिंबीर फुकट दिली.

काम असं: एक गाणं, एक आवाज, आमची मागची खोली. मुंबईत नवं संगीत नाटक उभं राहतंय, त्या मंडळींना हिचा गाता गळा ऐकवायचा आहे. 9 जुलैच्या अवंतिका एक्स्प्रेसचं परतीचं तिकीट काढलेलं आहे. गाणं तिचं ठरलेलंच आहे, मार्टीन मॅककचनचं ‘परफेक्ट मोमेंट’. मी ऐकलेलं नव्हतं. हेच का, असं विचारलं. “कारण ती पण मेली होती,” म्हणाली.

12 जून

दुपारभर या गाण्याची वंशावळ काढली. रेकॉर्डिंगआधी मी हे करतोच, आमच्या कीबोर्डवाल्याला ते रिकामटेकडेपण वाटतं.

मार्टीन ही बीबीसीच्या ‘ईस्टएंडर्स’ मालिकेत टिफनी मिचेल. 1995 पासून जवळजवळ चार वर्षं. 31 डिसेंबर 1998 च्या रात्रीच्या भागात टिफनी रस्त्यावर गाडीखाली येऊन मरते. म्हणजे अख्खं ब्रिटन नववर्षाच्या तयारीत असताना. आणि एप्रिल 1999 मध्ये हे गाणं येतं आणि थेट ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत पहिलं. दोन आठवडे पहिलं राहिलं, मग वेस्टलाइफच्या पहिल्याच गाण्याने त्याला खाली उतरवलं. पात्र गेल्यापासून गाणं येईपर्यंत सव्वातीन महिने. मला हा हिशेब सुतकासारखा वाटला. घरातलं माणूस गेल्यावर तीनेक महिन्यांनी फोटोवरचा हार सुकलेला असतो, पण काढलेला नसतो. नेमक्या त्या वेळी तेच माणूस समोर उभं राहून म्हणतं, मी बरी आहे, ऐका. कोण ऐकणार नाही?

पण गाणं तिचं नव्हे. लिहिलं वेंडी पेज आणि जिम मार या जोडीने, आणि आधी गायली पोलंडची एडिटा गुर्नियाक, 1997 च्या तिच्या अल्बममध्ये. एडिटा म्हणजे साधीसुधी बाई नाही. 1994 मध्ये पोलंड पहिल्यांदा युरोव्हिजनमध्ये उतरला तो हिला घेऊन, आणि डब्लिनहून दुसरा नंबर घेऊन परतला. तिचा आवाज ऐकला की कळतं, या बाईला वर जायला शिडी लागत नाही.

पेज-मार जोडीने त्याच सुमारास बिली पायपरच्या पहिल्या अल्बमचंही काम केलं. ती पुढे गाणं सोडून ‘डॉक्टर हू’मध्ये अभिनेत्री झाली. एकाच कारखान्यातून एक गाडी डावीकडे गेली, एक उजवीकडे.

दोन्ही गाणी पाठोपाठ सहा वेळा ऐकली. एडिटा गाते. मार्टीन सांगते. ब्रिटनभर जे चाललं ते सांगितलेलं.

13 जून

भाचीला कालचं वाक्य ऐकवलं, तर गाल फुगवून बसली. तिला एडिटासारखं गायचं आहे. “मला गाता येत नाही असं म्हणायचंय का तुला?” तसं नाही, बाई. तू शास्त्रीय गायनाची मध्यमा परीक्षा पूर्ण केली आहेस, आमच्या गल्लीतल्या बाईंकडे आठ वर्षं घोटून. पण नाटकवाले तुझी तान मोजायला बसलेले नाहीत.

मग तिनेच उलटं उदाहरण काढलं, ‘टॉर्न’चं. नॅटली इम्ब्रुग्लिया, ऑस्ट्रेलियातल्या ‘नेबर्स’ मालिकेतली. 1997. ते गाणंही उसनंच. 1993 मध्ये डेन्मार्कची लिस सोरेन्सन ते डॅनिशमध्ये गायली, मग 1995 मध्ये एडनास्वॉप या अमेरिकी बँडने केलं, आणि जगाला माहीत आहे ते नॅटलीचं. त्याच मालिकेतली तिच्या आधीची कायली मिनोग, तिचीही सुरुवात 1987 मध्ये 1962 च्या जुन्या गाण्यावरच झाली. “म्हणजे मालिकेतल्या बायकांना नवीन गाणं कोणी देतच नाही,” असा तिने निष्कर्ष काढला. मला उलट वाटतं. नव्या गळ्याला जुनी चाल देतात कारण चाल पारखलेली असते. जोखीम एकाच बाजूची ठेवायची.

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? आजोबांच्या कपाटातली नाटकांची जुनी पुस्तकं उघडली की प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ छापलेली. अमुक लावणीची चाल, तमुक ठुमरीची. उसनवारी पहिल्याच ओळीत कबूल, आणि त्यावर नटाने गाऊन वन्स मोअर घ्यायचा. नट गातो याचं तेव्हा कोणाला नवल नव्हतं, न गाणाऱ्याचं होतं. आणि इंदूरच्या माणसाने तर याबद्दल बोलूच नये. 1929 मध्ये याच शहरात जन्मलेल्या लताबाईंनाही वडील गेल्यावर, 1942 पासून काही वर्षं, पोटासाठी सिनेमात तोंडाला रंग लावावा लागला होता. त्यांना तो आवडत नसे.

15 जून. पट्टी

सगळा दिवस पट्टीत गेला.

मूळ पट्टीत कडवं ती आरामात म्हणते. कोरसच्या सगळ्यात वरच्या सुराला मात्र हनुवटी वर उचलते. हनुवटी उचलली की समजायचं, आता गळा आवळणार. सूर लागतो, खोटं बोलत नाही. पण तो लागलेला ऐकू येतो. ऐकणाऱ्याचं लक्ष गाण्यावरून गळ्याकडे जातं, जसं जिना चढताना धाप लागलेल्या माणसाशी बोलताना आपण त्याच्या छातीकडेच बघत राहतो.

एक सूर खाली आणलं. हनुवटी अर्धी. दीड सूर खाली, म्हणजे तीन सेमीटोन, तीन अर्धे सूर. हनुवटी जागच्या जागी आणि वरचा सूर बोलल्यासारखा आला. कीबोर्डवाल्याने पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण तीनदा दाबलं आणि विषय संपवला. वीस वर्षं वाजवतोय, पण अजून सगळं पांढऱ्या एकमध्ये, म्हणजे सोप्या पट्टीत, वाजवून बटण दाबतो, आणि कोणी पाहिलं की खोकतो.

पण खाली उतरण्याची किंमत असते. वरचा सूर सुटला तर खालचा अडकला. कडव्याच्या पहिल्या ओळीचे शेवटचे दोन सूर आता इतके खाली गेलेत की तिच्या आवाजात हवाच उरते. ती म्हणाली, “बघ, हे तर मेलंच.” यावर उपाय माईकजवळ आहे. आमच्यासारख्या कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज पकडणाऱ्या, माईकच्या जवळ तोंड नेलं की खालचा भाग आपोआप फुगतो, आवाजाला अंग येतं. एरवी आम्ही तो फुगवटा कापून टाकतो, इथे तोच वापरायचा. कडवं चार बोटांवरून, कोरस एका वितीवरून. खाली खडूने दोन खुणा केल्या. उजवा पाय पहिल्या खुणेवर म्हणजे कडवं.

भाची अजून पूर्ण पटलेली नाही. रात्री ताईला सांगत होती, मामाने गाणं खाली पाडलं.

17 जून

शब्दांचं. ताईचा आग्रह की मराठी शब्द लिहावेत, “इंग्रजीत काय भावना पोचणार?” मलाही मोह झाला. दोन ओळी बसल्यासुद्धा, मात्रा चोख. मग एका वकील मित्राला विचारलं आणि कागद फाडला.

कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण नव्याने रेकॉर्ड करायला आपल्याकडे कायद्यात वाट आहे. कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 31-सी घातलं. गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झालं त्या वर्षानंतर पाच वर्षं उलटलेली असली पाहिजेत. आधी सूचना द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, आणि ती वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची धरून. वेष्टणावर हे कव्हर आहे असं लिहायचं. आणि मुख्य म्हणजे गाण्यात तांत्रिक गरजेपलीकडे बदल करायचा नाही. मराठी शब्द म्हणजे भाषांतर, त्याला मालकाची वेगळी परवानगी. या खोलीतून पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी! ताईने त्यानंतर विषय काढला नाही.

तर ठरलं: हे रेकॉर्डिंग बाजारात नाही, नेटवर नाही. अभ्यासाचं आहे, चार माणसांना ऐकवण्यापुरतं. शब्द आहेत ते आहेत, इंग्रजीच.

20 जून

खोली. आईच्या पाच गोधड्या मागितल्या, तीन मिळाल्या. दोन भिंतींवर, एक तिच्या पाठीमागे दोरीवर. आवाज माईकमध्ये समोरून जातो, मग पाठीमागे गोधडी कशाला, असं सगळे विचारतात. माईकचं तोंड तिच्याकडे असतं, म्हणजे तिच्या मागच्या भिंतीकडेही असतंच. त्या भिंतीवर आपटून येणारा आवाज तो सरळ गिळतो. पहिली गोधडी तिथेच हवी.

पंखा बंद. पाऊस आलेला आहे पण उकाडा गेलेला नाही. पंधरा मिनिटं गाणं, दहा मिनिटं पंखा.

23 जून. ‘फ’

आज पहिले टेक. पहिले सातही वाया, आणि कारण एकच अक्षर.

गाण्याच्या नावातच ‘फ’ आहे. तिचा ‘फ’ शुद्ध मराठी, फणसातला. दोन्ही ओठ मिटतात आणि हवा फटकन सुटते. चार बोटांवरच्या माईकला ती हवा म्हणजे थप्पड. माईकपुढे हवा अडवणारी जाळी, पॉप फिल्टर, असूनही दर वेळी ‘धप्’. दोन-चार ठिकाणी असतं तर मी नंतर खालची फ्रीक्वेन्सी कापून झाकलं असतं, पण इथे तो शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि कोरसचा सगळा भार त्याच्यावर आहे.

मग तासभर शाळा. “ओठ मिटू नकोस. वरचे दात खालच्या ओठावर ठेव. ऑफिसातला फ.” ती “फोन, फॅन, ऑफिस” म्हणून दाखवी, अगदी बरोबर. गायला लागली की पुन्हा फणस. कारण सुराचा जोर लावायचा म्हटलं की आठ वर्षांची सवय ओठ मिटवते. शेवटी आरसा आणला. आरशात स्वतःचे दात दिसले पाहिजेत, बस्स. अकराव्या टेकला पहिल्यांदा ‘धप्’ आला नाही, आणि मजा म्हणजे त्याच टेकला शब्दाचा रंगही बदलला. दात लागले की ‘फ’ लांबतो, मऊ होतो, पुढच्या स्वरावर घसरत जातो. मार्टीनच्या गाण्यात तो तसाच आहे. मी सहा वेळा ऐकून मला तो ऐकू आला नव्हता.

शेवटचा ‘ट’ मात्र मी तिचाच ठेवला. जीभ जरा मागे लागते, मराठी वाटतो. वाटू दे. ही बाई इंदूरची आहे.

25 जून

मुरक्यांवरून भांडण. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती एक मुरकी, सुरांची छोटी गिरकी, टाकते, तिच्या नकळत. एकेक सुटी ऐकली तर सुरेख. पण वाक्य संपायच्या आत अलंकार आला की वाक्य खोटं पडतं. मी म्हटलं, “कोणाला निरोप देताना तू हात हलवतेस की मुद्रा करतेस?” ती म्हणाली, “मामा, तू अभिनय शिकवू नकोस.” बरोबर आहे, पण मग तिनेच संवादासारखं एकदा नुसतं बोलून दाखवलं, सुराशिवाय, मालिकेत फोनवर बोलायची तसं. मी चुपचाप रेकॉर्ड केलं आणि परत ऐकवलं. ऐकून गप्प बसली. मग म्हणाली, “मुरक्या काढते. एक ठेवते.”

एक ठेवली आहे, मुरकी नव्हे, मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी. तिसऱ्या भागात, वाद्यं थांबतात तिथे.

27 जून

सकाळी साडेसात. पंखा बंद, रस्ता शांत, गळा मोकळा, दुसऱ्या कडव्यापर्यंत असा टेक की मी हात वर करून बसलो होतो. आणि गल्लीच्या तोंडाशी कचरागाडी आली, आपलं गाणं वाजवत. देशातलं सर्वांत स्वच्छ शहर असल्याचा अभिमान मलाही आहे, पण या अभिमानाला लाऊडस्पीकर आहे. भाची डोळे मिटून गात राहिली. थांबली नाही, हे मला आवडलं. शेजारच्या काकू मात्र ओला-सुका कचरा वेगळा केलेले डबे घेऊन धावल्या, त्यांच्या चपलाही टेकमध्ये आहेत.

टेक 19. ठेवला आहे, पुसला नाही.

1 जुलै

काही नाही. तिचा घसा बसला. वीज दोनदा गेली, यूपीएस ओरडला.

3 जुलै

घसा सुटला. दुपारी दोन ते चार, कचरागाडी नसते, शाळा सुटलेली नसते. सहा टेक. मग रात्री ओळीओळीने निवड: पहिलं कडवं टेक 22 मधून, कोरस 24 आणि 25, मींड 23. दुसरं कडवं कुठेच टेक 19 सारखं नाही. चार वेळा शोधलं. सूर जास्त नेमके आहेत, पण 19 मध्ये तिने एका शब्दाआधी श्वास घ्यायला उशीर केलाय आणि त्या उशिरात काहीतरी आहे.

टेक 19 घेतला. गाडीचं गाणं दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला लांबून येतं, तिथे आमच्या कीबोर्डवाल्याने स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनसारखे सूर, जरा आधी आणल्या. मूळ योजनेत त्या चार मात्रांनंतर होत्या. बरं वाटतंय, उलट. गाडी दबली, आणि कडव्याला आधार मिळाला.

सूर सुधारणारं सॉफ्टवेअर दोनच जागी लावलं. तिला सांगितलं नाही. सांगेन.

6 जुलै, आषाढी एकादशी

आईला ऐकवलं. उपवासाची खिचडी खात ऐकत होती, इथल्या पंढरीनाथाच्या देवळात जाऊन आल्यामुळे पाय दुखत होते, इंग्रजी कळत नाही. संपल्यावर विचारलं, “ही कोणाला म्हणतेय, जा की राहा?” भाचीने मला कोपर मारलं. गाण्याचा प्रश्न नेमका तोच आहे.

मग आईनेच पुढे विचारलं, “मालिकेत मेल्यावर त्या विलायतेच्या पोरीचं पुढे झालं काय?” सांगितलं: अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. 2001 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ‘माय फेअर लेडी’त एलायझा झाली. आजारपणामुळे कितीतरी प्रयोग बुडाले, तरी ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. पुढे सिनेमात आली. आई म्हणाली, “एलायझा म्हणजे आपली फुलराणी ना? भक्ती बर्व्यांची?” तीच. शॉच्या एकाच ‘पिग्मॅलियन’ नाटकाच्या दोन लेकी. भाची तेव्हापासून आरशापुढे फुलराणीतल्या मंजुळेचे संवाद म्हणतेय, गाणं विसरली.

8 जुलै

मिक्स झालं. आवाजाला 80 हर्ट्झच्या खाली कापलं, त्याच्या वरचा फुगवटा हात न लावता ठेवला. ‘स’ टोचत होते, ते मऊ करणारा डी-एसर हलका लावला. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, प्लेटचा, कडव्यात जवळजवळ नाही, कोरसमध्ये येतो. फाइल 24 बिटची एक आणि फोनवर ऐकायला एमपी3 एक. आजकाल निर्णय एमपी3वरच होतात.

सॉफ्टवेअरचं सांगितलं. “कुठे?” म्हणाली. ओळखून दाखव म्हटलं. दोनदा ऐकलं, दोन्ही चुकीच्या जागा सांगितल्या, त्यातली एक टेक 19 मधली.

मूळ पट्टीतला 15 जूनचा एक तुकडा जपून ठेवला होता, तो शेवटी तिला ऐकवला. अर्ध्यावर हेडफोन काढले. “हनुवटी ऐकू येते,” म्हणाली.

9 जुलै

अवंतिकेला बसवून आलो. ताईने दशम्या दिल्या, भाजीवाल्याने काकड्या.

गोधड्या उतरवून आईच्या पलंगावर ठेवल्या. एकीवर माईक स्टँडच्या गंजाचा डाग पडलाय, तो तिने अजून पाहिलेला नाही.